वीरांची नावनिशी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या रोह्याचे ग्रामदैवत श्रीधावीर महाराज पालखीतून नगरप्रदक्षिणेस निघतात, त्या वेळी पोलिसांची सशस्त्र तुकडी महाराजांना मानवंदना देते. ज्यांनी हा सोहळा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला, ते पुढे मुंबई-पुण्यास राहोत की सातासमुद्रांपलीकडे राहोत, त्यांच्या डोळ्यांपुढून तो हलत नाही. देवापुढे हात जोडावेत, हे कोणासही समजते. पण देवाला बंदुकीची सलामी का द्यावी? आम्हांस वाटते, याचे उत्तर महाराजांच्या नावातच आहे. संकटकाळी धावून येणारा तो धावीर, असा अर्थ आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे सांगत. ज्या गावाने आपल्या दैवतालाच वीर म्हणून ओळखले, त्या गावास शौर्याचे स्मरण कसे करावे हे निराळे शिकवावे लागू नये.

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागातील शौर्य, सेवा आणि त्यांचे स्मारक’ या विषयावर आम्ही चार शब्द लिहावेत, अशी ज्ञातिसंस्थेच्या चालकांनी आज्ञा केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची नोकरी धरली आणि उभा जन्म खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविला. तथापि वाचनाची आवड असल्यामुळे आणि या मुलखातील बऱ्याच वाटा पायांखालून गेल्यामुळे जे ध्यानात आले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

विषयास हात घालण्यापूर्वी एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखात आम्ही असे लिहिले होते की, आमचे एक पूर्वज मुरारबाजींच्या बरोबर पुरंदरावर धारातीर्थी पडले. लेख प्रसिद्ध झाल्यावर आमच्याच नात्यातील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, “गुरुजी, कागद कोणता?” आमच्यापाशी कागद नव्हता. आजीने सांगितलेली गोष्ट होती, आणि ती आजीस तिच्या सासूने सांगितली होती. त्या वेळी आम्हांस रागच आला. चार दिवस आम्ही त्या गृहस्थांशी बोललो नाही. पुढे घरातील सर्व जुनी दप्तरे आणि देवघरातील पेटी चाळली. जमिनीचे कागद निघाले, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. पुरंदराचे नाव कोठेही निघाले नाही. ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देतो : आमच्यापाशी पुरावा नाही, आणि ते विधान आम्ही मागे घेत आहो. आजीच्या गोष्टीवरचे आमचे प्रेम त्यामुळे उणे झालेले नाही. पण गोष्ट ती गोष्ट आणि नोंद ती नोंद.

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीस शौर्याची वाण आहे म्हणून उसने आणावे लागते, असे मुळीच नाही. मुरारबाजी देशपांडे हे महाडच्या बाजूचे. प्रथम जावळीकर मोऱ्यांच्या पदरी होते, पुढे शिवछत्रपतींच्या सेवेत आले. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला आणि वज्रगड हातचा गेला. तेव्हा मुरारबाजी सातशे निवडक लोकांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांची मर्दुमकी पाहून खानाने कौल देऊ केला. आपण शिवाजी महाराजांचे शिपाई, तुझा कौल घेतो की काय, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी प्राण वेचला. ही हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिलेल्या बखरीत आली आहे. पाच वर्षे आधी, १६६० च्या जुलै महिन्यात, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले, हे तर आपल्या घरातील शेंडेफळासही ठाऊक असते.

या दोघांच्या पंक्तीस आम्ही आणखी एक नाव बसवू इच्छितो. ते खंडो बल्लाळ चिटणीस यांचे. त्यांचे वडील बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे चिटणीस. १६८१ साली संभाजी महाराजांविरुद्ध झालेल्या कटाचा आरोप येऊन, आपल्या पालीपलीकडे सुधागडाच्या पायथ्याशी असलेल्या औंढे गावी त्यांना देहदंड झाला. ज्या राज्याने पित्याचा प्राण घेतला त्या राज्याशी पुत्राने वैर धरले असते, तरी त्यास फारसे कोणी दोष दिला नसता. खंडो बल्लाळांनी वैर धरले नाही. त्यांनी संभाजी महाराजांची सेवा केली आणि पुढे राजाराम महाराजांचीही केली. जिंजीच्या वेढ्यातून १६९७ च्या अखेरीस छत्रपतींची सुटका व्हावयाची होती आणि त्यासाठी मोगलांच्या छावणीतील शिर्क्यांचे साहाय्य लागणार होते. त्याचे मोल म्हणून खंडो बल्लाळांनी कोकणातील आपले वतन शिर्क्यांना लिहून दिले. वतनासाठी भाऊ भावाचा गळा कापीत असे, असा तो काळ. तलवारीने शिर देणे मोठे खरेच. पण राग गिळून सेवा करणे आणि वतनावर पाणी सोडणे हेही शौर्यच होय, असे आम्ही मानतो.

येथपर्यंत नावांची गोष्ट झाली. आता ज्यांची नावे नाहीत त्यांच्याकडे वळू.

घोडखिंडीत बाजीप्रभू एकटे नव्हते. ते हिरडस मावळातील बांदल देशमुखांच्या पदरचे, आणि खिंड धरून उभे राहिले ते बांदलांचे लोक. त्या दिवसाची योग्यता शिवछत्रपतींनी कशी मानली, हे जेध्यांच्या करिन्यात नमूद आहे. दरबारी मानाच्या तलवारीचे पहिले पान तोपर्यंत कान्होजी जेध्यांच्या घराण्याकडे होते. ते महाराजांनी जेध्यांकडून मागून घेऊन बांदलांस दिले. यातील दोन्ही बाजू पाहण्यासारख्या आहेत. राजाने मान दिला तो पडलेल्या सर्वांच्या वतीने. आणि ज्यांचा मान होता त्या जेध्यांनी तो आनंदाने सोडला. तरी त्या मावळ्यांपैकी आज आपण किती जणांची नावे सांगू शकतो?

नावे राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे फारशी नव्हती, असेच म्हणावे लागते. गावोगावच्या देवळांसमोर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत वीरास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि शेंड्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एकसर येथे तर अशा वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणारी माणसेसुद्धा मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट आहेत. शिल्पकाराने वल्हे कोरले. वल्हे धरणाऱ्याचे नाव कोरले नाही. बहुतेक वीरगळांची हीच अवस्था आहे. गावकरी त्यांना शेंदूर लावतात, नारळ वाढवितात, आणि कोणास ते विचारता ‘वीराचा दगड’ एवढेच सांगतात.

ही गोष्ट आमच्या मनास खऱ्या अर्थाने लागली ती सुमारे चाळीस वर्षांपूर्वी. त्या वेळी दक्षिणेकडील एका लहानशा गावी आमची नेमणूक होती. तेथील चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसविलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने कोकणातील व देशावरील अनेक गावांत अशा पाट्या बसविल्या. मजकूर सर्वत्र बहुधा एकच : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एके दिवशी आम्ही चौथीच्या मुलांना ती पाटी वाचावयास लावली. एका मुलाने मजकूर अडखळत वाचला आणि विचारले, “गुरुजी, नावं कुठं हायत?”

आम्ही पाटी पुनः पाहिली. आकडे होते. नाव एकही नव्हते.

त्या दिवसापासून शनिवारची शाळा सुटली की आम्ही आणि मुले घरोघर विचारीत फिरू लागलो. एका घरी फडक्यात बांधून ठेवलेले रुप्याचे पदक निघाले. एका मुलाने त्याची कड धोतराच्या सोग्याने पुसली, तो कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे उमटलेली दिसली : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. सरकारने पाटीवर जे लिहिले नाही ते पदकाच्या कडेवर लिहून ठेवले होते, आणि घरच्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे ती अक्षरे इतकी वर्षे कोणी वाचली नव्हती. दुसऱ्या एका घरी ओसरीवर बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, “माजा थोरला दीर बसऱ्याला ग्येला त्यो आलाच न्हाई. आमी सर्वपित्रीला त्याचं पान वाढताव. तिथ कुनाला म्हाईत?” मरणाची तिथी कळली नाही म्हणून सर्वपित्री अमावास्येस पान! पाटीवरच्या आकड्यात तो दीर एक होता. त्या घरात मात्र तो माणूस होता. तीन महिन्यांत काही नावे मिळाली, काही मिळाली नाहीत. मिळालेली नावे मुलांनी वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिली. त्यांत मराठे होते, महार होते, आणखीही काही जातींचे लोक होते. आमच्या ज्ञातीचे नाव त्यात नव्हते. आमच्या हातून त्या गावी झालेले सर्वांत उपयोगी काम कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही त्या वहीकडे बोट दाखवू.

‘बसरा’ हा शब्द आपल्या मुलखातील जुन्या बायकांच्या तोंडी उगाच आलेला नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. कूत-अल-अमारा येथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यामुळे तेथील सैन्यास शरण जावे लागले आणि कैदेत असंख्य शिपाई मृत्यू पावले. त्या रणभूमीवर पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्यास एक स्मारक बांधण्यात आले. १९२९ साली त्याचे उद्घाटन झाले. आता आश्चर्य पाहा. त्या स्मारकाच्या शिळांवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांची नावे कोरली. पण सामान्य हिंदी शिपायांचा केवळ आकडा कोरला, आणि पलटणीच्या नावाखाली ‘आणखी इतके हिंदी शिपाई’ एवढेच लिहिले. जी रीत आमच्या गावच्या चावडीत, तीच बसऱ्यास. या दुजाभावाची चौकशी युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने अखेरीस केली आणि २०२१ साली आपला अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. चौथीतील एका मुलाने चाळीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न त्या मोठ्या आयोगास विचारावयास शंभर वर्षे लागली!

नाव कोरले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनने त्यांच्या तुकडीतील इतर सर्वांना ठार वा जखमी केले. ते एकटेच पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन बंद पाडली आणि एकास गोळी घातली. नवी काडतुसे भरण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि माणगावास त्यांचा पुतळा आहे. पुतळ्यावरून जाणारा शाळकरी मुलगा ‘हे कोण?’ असे विचारतो आणि त्यास उत्तर मिळते. स्मारकाचे काम एवढेच. उत्तर देता येईल असा प्रश्न त्याने मुलाच्या मनात उत्पन्न करावा.

अशी स्मारके आपोआप उभी राहत नाहीत. त्यासाठी कोणीतरी झिजावे लागते. खुद्द शिवछत्रपतींच्या समाधीची कथा हेच सांगते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर निवर्तले. १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे तेथे रान माजले. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज गृहस्थाने मुंबईवरील आपल्या ग्रंथात समाधीच्या दुर्दशेचे वर्णन केले आणि एवढ्या मोठ्या राजाच्या स्मारकाची कोणास पर्वा नाही म्हणून खेद व्यक्त केला. परक्याने लाज काढावी, याहून मोठी लाज ती कोणती? १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न हाती घेतला, पुण्यास सभा झाली, निधीसाठी गोरगरिबांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसा दिला आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. त्या चळवळीतून जन्मास आलेले श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ आजही चैत्री पौर्णिमेस गडावर पुण्यतिथीचा कार्यक्रम करते. त्या दिवशी स्वराज्यातील सरदार घराण्यांच्या वंशजांचा आणि सैन्यदलातील अधिकाऱ्यांचा सत्कार करण्याचा प्रघात आहे. समाधीचा जीर्णोद्धार मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत लांबला. म्हणजे पहिल्या सभेनंतर तीस वर्षे लोटली. टिळक तो पाहावयास राहिले नाहीत. १९८१ साली कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. आज आपण पत्त्यावर सहज ‘जिल्हा रायगड’ असे लिहितो. त्या दोन शब्दांमागे किती माणसांची चिकाटी उभी आहे, याचा विचार कोणी करीत नाही.

आता एक प्रश्न कोणी विचारील की, ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत परज्ञातीयांची एवढी चर्चा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर टाळावे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या मते, शौर्याची यादी करताना जातीची चाळण लावली की यादीच खोटी होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण भागात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांतील एक नाग्या महादू कातकरी. ज्या समाजास कोणी दारात उभे करीत नसे त्या समाजातील माणसाने देशासाठी छाती पुढे केली. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे वकील. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह वीरमरण पत्करले. कोतवाल नाभिक समाजातले. हे सर्व आपल्या जिल्ह्याचे आहेत. म्हणून ते आपले आहेत.

आणि ज्यांना मान मिळावयास हवा होता त्यांना तो नाकारला गेल्याचेही स्मरण ठेवले पाहिजे. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात इमानाने चाकरी केलेल्या लोकांची बाजू मांडणारा अर्ज त्यांनी लिहिला. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्या समाजास अर्धशतक झगडावे लागले. मधल्या महायुद्धात, १९१७ साली, एक महार पलटण उभारली आणि गरज सरताच ती मोडून टाकली.

याच महाडात आपल्या ज्ञातीच्या दोन गृहस्थांनी जे धैर्य दाखविले ते आम्ही घोडखिंडीच्या खालोखाल मानतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत असे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. तथापि ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडास परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्या परिषदेच्या मागे सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे उभे होते. सुरबानाना तर महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तळ्याचा वाद न्यायालयात चालून १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला. शत्रूसमोर उभे राहताना आपले लोक पाठीशी असतात. या दोघांना मात्र सोयऱ्याधायऱ्यांच्या नजरेसमोर उभे राहावयाचे होते. आपल्या ज्ञातीतही त्या वेळी त्यांना सर्वांनी डोक्यावर घेतले असेल, असे समजण्याचे कारण नाही. आज मात्र त्यांचे नाव घेताना आपली मान ताठ होते.

सेवेविषयीही असेच. ज्यांचे घराणे आपल्या रोह्याचे आणि ज्यांचे बालपण बरेचसे येथे गेले, ते चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते गावी जन्मले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या आयुष्यातील जो क्षण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो तो पद मिळविण्याचा नव्हे, सोडण्याचा. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. खंडो बल्लाळांनी वतन सोडले, चिंतामणरावांनी पद सोडले. दोहोंमध्ये अडीचशेहून अधिक वर्षे गेली, तरी जात्याच मनाचा जो पीळ असावा लागतो तो एकच.

आता आमची सूचना. आपली संस्था दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा आणि ज्येष्ठांचा सत्कार करते. शाल-श्रीफळ दिले जाते, टाळ्या होतात, छायाचित्र निघते. हे योग्यच आहे. त्याबरोबर संस्थेच्या कचेरीत एक जाड बांधणीची नोंदवही असावी. तिच्यात पाच रकाने असावेत : नाव, गाव, केलेली सेवा वा शौर्य, साल आणि पुरावा. पुरावा म्हणजे सनद, पत्र, पदक, निवृत्तिवेतनाचा कागद, वर्तमानपत्रातील बातमी. जे असेल ते. कागद नसेल, तर त्या रकान्यात स्पष्टपणे ‘ऐकीव’ असा शब्द लिहावा. त्यात कमीपणा नाही. आमच्या आजीची गोष्ट आम्ही त्या वहीत पहिली लिहू आणि तिच्यापुढे ‘ऐकीव’ असे आमच्या हाताने नमूद करू. वहीत ज्ञातीची नावे तर यावीतच, पण शेजाऱ्यांचीही यावीत. आपल्या घरचा जुना गडी ज्याचा बाप बसऱ्यास गेला, आपल्या आळीतील कोळी ज्याने पुरात माणसे काढली, गावातील सुईण जिने मध्यरात्री ओढा ओलांडून बाळंतिणी सोडविल्या, या सर्वांना त्या वहीत जागा असावी. नवऱ्याची पलटण परदेशी असता ज्या बायकांनी शेत राखले आणि मुले वाढविली, त्यांच्यासाठी तर एक पानच राखून ठेवावे. त्यांचा आकडासुद्धा कोणी कोठे कोरलेला नाही.

हे काम उद्यावर ढकलण्यासारखे नाही. ज्या आजीबाईंनी आम्हांस बसऱ्याच्या दिराची गोष्ट सांगितली त्या पुढच्याच वर्षी वारल्या. आम्ही एक वर्ष उशिरा गेलो असतो, तर तो शिपाई दुसऱ्यांदा मेला असता. प्रत्येक घरात आज एखादे असे माणूस असेल की ज्याच्याबरोबर दहा-वीस नावे जातील. सुट्टीत गावी आलेल्या नातवंडांना त्याच्यापाशी बसवावे आणि वही-पेन्सिल द्यावी. मुले इतके नीट प्रश्न विचारतात की जे मोठ्यांना सुचत नाहीत, हे आमचे जन्माचे अनुभवाचे बोल आहेत.

येत्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघेल, आणि महाराजांना पुनः सलामी मिळेल. त्या वेळी आपण हात जोडू, तेव्हा क्षणभर त्या सर्वांचेही स्मरण करावे, ज्यांना कोणी सलामी दिली नाही आणि ज्यांचे पान आजही सर्वपित्रीला वाढले जाते. त्यांची तिथी आपणांस देता येणार नाही. निदान नाव तरी द्यावे.